हॉस्टेल चांगलं, कुलूप मात्र बारीक न्या

कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी मोरी बघते, मग उशीचा अभ्रा हुंगते. धंद्याची खोड आहे. पंचवटीत रामकुंडाजवळ आमचं चौदा खोल्यांचं यात्री निवास आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटे दीर चालवतो. बावीस वर्षं लोकांच्या झोपण्याची सोय करतेय. त्यामुळे पुतणी जेव्हा म्हणाली, "काकू, बँकॉकला हॉटेल नको, हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहू, निम्म्या पैशात होतं," तेव्हा मी दोनच प्रश्न विचारले. एका खोलीत डोकी किती आणि संडास किती?

बारा डोकी, तीन संडास, तीन नहाण्या, खोली फक्त बायकांची. आमच्या वरच्या हॉलमध्ये वीस गाद्यांना दोन संडास आहेत. मी मुकाट्यानं हो म्हटलं.

हॉस्टेलचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि एका रागावलेल्या रिव्ह्यूनं ऐन दिवाळीच्या सुट्टीत फोन कसे थंडावतात हे मी भोगलंय. खूण सांगते. जुन्या शहरातला बांगलाम्फू भाग, फ्रा आर्थितच्या बोटीच्या धक्क्यापासून चालत सात-आठ मिनिटं, गल्लीच्या तोंडाशी एक मोठं झाड आणि त्याला गुंडाळलेली रंगीत फडकी. भाडं माणशी रात्रीला ३८० बाट. आम्हाला बाट पावणेतीन रुपयांना पडला, म्हणजे हजाराच्या थोडं वर.

गेलो आषाढात. आमच्याकडे तेव्हा मंदी असते. शाळा सुरू झालेल्या, पाऊस लागलेला, आणि एकदा श्रावण लागला की त्र्यंबकला जाणारे मान वर करू देत नाहीत. एकादशी झाली आणि निघालो. व्हिसा लागला नाही, पण तिथे पोचण्याच्या आधी तीन दिवसांत एक डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. सरकारी वाटाव्यात अशा साइट त्याचे पैसे मागतात, तिथे भरू नका. पुतणी भरता भरता वाचली.

सुवर्णभूमी विमानतळावरून एस-वन नावाची बस खाओसान रोडपर्यंत येते, साठ बाट. सकाळी दहाच्या सुमाराला हॉस्टेलच्या दारात पोचलो. खोली दोन वाजता मिळणार. इथे माझ्या कपाळाला पहिली आठी पडली. यात्रेच्या गावात आम्ही चोवीस तासांचा हिशोब ठेवतो, कारण माणूस पहाटे तीनच्या गाडीनंही येतो. पण काउंटरवरच्या पोरानं बॅगा आत घेतल्या, दोघींना टॉवेल दिले आणि खालच्या नहाणीकडे बोट दाखवलं. पैसे नाहीत. आंघोळ झाली, आठी गेली.

आता पलंग. रेल्वेच्या बर्थसारखे दुमजली, पण लाकडी आणि भिंतीत पक्के बसवलेले. वरचा माणूस कुशीवर वळला तरी खालच्याला कळत नाही. लोखंडी दुमजली कॉटांचं कोटेशन मी मागे घेऊन ठेवलं होतं, ते घरी आल्यावर फाडून टाकलं. प्रत्येक पलंगाला जाड पडदा, उशाशी छोटा दिवा, दोन पॉइंट, आणि चष्मा-फोन ठेवायला हातभर फळी. त्या फळीला कडेनं बोटभर उंच पट्टी ठोकलेली होती. म्हणजे रात्री हात लागून चष्मा खाली पडायला नको. ही पट्टी ठोकणारा माणूस स्वतः कधीतरी अशा पलंगावर झोपला असणार.

मी खालचा पलंग आधीच मागून घेतला होता. सत्तेचाळीस वर्षांची बाई पंजाबी ड्रेसमध्ये शिडी चढताना कशी दिसेल हे पुतणीनं करून दाखवल्यावर तर नक्कीच.

पलंगाखाली सामानाचा लोखंडी खण. कुलूप आपलं आणायचं, असं बुकिंगमध्येच लिहिलेलं. मी रविवार कारंजाजवळून सात लिव्हरचं पितळी कुलूप घेऊन गेले होते, आमच्या कोठीला लावतो तसलं. हातात घेतलं तर पाव किलोला कमी नाही. मुंबईच्या विमानतळावर मशीनमधून बॅग दोनदा फिरवली ती त्याच्यामुळेच. आणि इथे खणाच्या कडीचं भोक एवढंसं, शिसपेन्सिल जाईल न जाईल. कुलपाची दांडी माझ्या करंगळीएवढी. मी आडवी लावून बघितली, तिरकी लावून बघितली. वरच्या पलंगावरची ब्राझीलची मुलगी पडद्यातून डोकं बाहेर काढून बघत होती. शेवटी तिनंच विचारलं, "हे कुलूप कुठल्या घराचं?" काउंटरवर बारीक कुलूप ८० बाटला विकत मिळत होतं. घेतलं. आमचं पितळी सहा दिवस बॅगेच्या तळाशी झोपून होतं.

मोरीचं सांगते. फरशी कोरडी. हे दोन शब्द मी जपून लिहिते, कारण सामाईक नहाणीची फरशी कोरडी ठेवणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. उताराचा दगड बरोबर पडला पाहिजे, जाळीतले केस दिवसातून तीनदा काढले पाहिजेत, आणि ते काढणारं माणूस टिकलं पाहिजे. इथे एक मावशी होत्या, साठीच्या. सकाळी दहा, दुपारी चार, रात्री नऊ, ठरल्या वेळी यायच्या. मला थाई येत नाही, त्यांना बाकी काही येत नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातातला वायपर बघून अंगठा वर केला, त्यांनी माझी वेणी बघून केला. संडासात पाण्याचा जेट आहे, थायलंडभर असतो. आपल्या माणसांना ती काळजी नको. बादली-मग मात्र नाही, आणि गरम पाण्याचा नळ डावा-उजवा उलटा बसवलाय. पहिल्या दिवशी पोळले.

वर गच्चीत कपडे वाळत घालायला दोऱ्या होत्या, पण आषाढातला पाऊस तिथेही पाऊसच. रोज दुपारनंतर तासभर झोडपायचा. जीन्स नेऊ नका. पुतणीची जीन्स चार दिवस ओली राहून तिला वास मारायला लागला.

मला खरं आवडलं ते वेगळंच. चादर बदलताना पाहिलं तर प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके. आमच्या खोलीचे हिरवे, समोरच्या खोलीचे लाल, जोडप्यांच्या खोल्यांचे निळे. धुवून आल्यावर कुठली चादर कुठली, यावर वाद नाही. आमच्याकडे सिंगलच्या चादरी डबलमध्ये जातात, धोबी म्हणतो मी दिल्या, पोरगा म्हणतो मला नाही मिळाल्या, आणि दर महिन्याला दोन-तीन कमी भरतात. मी त्या टाक्यांचा फोटो काढला. पुतणी म्हणाली, "लोक बँकॉकला येऊन कशाचे फोटो काढतात, काकू, आणि तू कशाचे काढतेस!"

आवाज होतो. खाओसान रोड मागेच आहे आणि रात्री एक-दीडपर्यंत तिथला ढोल छातीत वाजतो. खाओ सान म्हणजे तांदूळ, पूर्वी तिथे तांदळाचा बाजार होता. आता दाणे टिपायला जगभरची पाखरं येतात. हॉस्टेलवाले कापसाचे बोळे फुकट देतात. त्यापेक्षा त्रास पहाटे चारला विमान पकडणाऱ्यांचा. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचूर. सामान रात्रीच भरा आणि कापडी पिशव्यांत भरा. मी घोरते असं पुतणीचं म्हणणं आहे. बाकी कुणी तक्रार केली नाही.

चौथ्या रात्री अकराला दिरांचा फोन. "वहिनी, पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलंय. खालच्या चार खोल्यांतल्या गाद्या वर नेतो, कोठीची किल्ली कुठंय?" दुतोंड्या म्हणजे रामकुंडाजवळचा मारुती, गोदावरीचा पूर आम्ही त्याच्यावरून मोजतो. मी पडद्यात बसून कुजबुजत सांगत होते, तरी कोपऱ्यातून "शूऽऽ" आलं. बाहेर जिन्यात गेले. तिथे मालकीणबाई हिशोबाची वही घेऊन बसलेल्या. त्यांनी माझं तोंड बघून खुर्ची सरकवली. मग फोनवरच्या भाषांतरातून आमच्या गप्पा झाल्या, पाऊण तास. खोल्या किती? चौदा. नदी जवळ? हो, कधी कधी घरात. त्यांनी भिंतीवर गुडघ्याच्या वर एक रेघ दाखवली, २०११ च्या पुराची. मी आमची दाखवली, माझ्या खांद्याजवळ हात नेऊन. सालं मला सगळी सांगता आली नाहीत. त्यांना तिथली पोरं "पी" म्हणतात, पी म्हणजे वयानं मोठी, आपली ताई. दुसऱ्या दिवसापासून मीही पी म्हणायला लागले. वयानं त्या लहान निघाल्या, पण मालक तो मालक.

काउंटरवर या पींनी हातानं काढलेला नकाशा ठेवलाय, झेरॉक्स करून. माझ्या मते भाड्यातले शंभर बाट या कागदाचे. त्यात तीनच गोष्टी आहेत: बोट, जेवण, आणि कुणाचं ऐकू नये.

बोट म्हणजे चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची. कुठेही चढा, कुठेही उतरा, सोळा बाट. त्याच धक्क्यावर पर्यटकांची वेगळी महागडी बोट लागते आणि तिची माणसं आधी गाठतात, तेव्हा झेंड्याचा रंग बघूनच चढा. बोट धक्क्याला लागताना मागच्या टोकाला उभा असलेला पोरगा शिट्ट्या मारतो, आखूड, लांब, परत आखूड, आणि त्यावर चालवणारा मागे-पुढे घेतो. दोर पडतो न पडतो तोवर माणसं चढलेली. कंडक्टर बाईच्या हातात पत्र्याची लांब नळी. तिच्यात सुटे पैसे आणि तिकिटं. ती खडखडवत आली की हात खिशात जातो. बौद्ध भिक्खूंसाठी उभं राहायला वेगळी जागा असते, आपण बायकांनी तिथे दाटी करायची नाही. था तियेनच्या धक्क्याला उतरलं की वाट फो समोरच. वाट म्हणजे देऊळ. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं. ३०० बाट तिकीट आहे, पण पाठीमागच्या बाजूला ओळीनं १०८ भांडी ठेवलीयत, त्यात लोक एकेक नाणं टाकत जातात. तो टणटण आवाज डोळे मिटून ऐकला तर आमच्या कपालेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसल्यासारखं वाटतं.

दुसरी बोट कालव्यातली, सेन सेप. पानफाच्या धक्क्यावरून निघते आणि भर बाजारातून शहराच्या पोटात शिरते. ही हौशी लोकांसाठी नाही, ऑफिसच्या लोकांसाठी आहे. कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालतात, कारण पूल डोक्याला लागतील इतके खाली. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्यानं दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करायचा. मी कडेला बसले होते आणि मला माहीत नव्हतं. ते पाणी आमच्या गावातल्या घाण नासर्डी नदीचं भावंड आहे. त्या दिवशी तिसरी आंघोळ.

कुणाचं ऐकू नये, हे मला नकाशानं सांगायची गरज नव्हती. राजवाड्याच्या भिंतीपाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ आला. आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, पण माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटांत चार देवळं फिरवील. पुतणी खिशात हात घालायला लागली. मी हसले. आमच्या गिऱ्हाइकांना नाशिकरोडला उतरल्या उतरल्या "ते लॉज? ते तर बंद पडलं" असं सांगून दुसरीकडे नेणारे मी बावीस वर्षं बघतेय. शब्द तेच, चेहऱ्यावरचा कळवळा तोच. वीस बाटांत फिरवतात ते रत्नांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांतून. पुढच्या दारात गेलो, राजवाडा उघडा होता.

तिकीट ५०० बाट. सहलीतला एका दमात झालेला सगळ्यात मोठा खर्च, आणि मी दारात दोन मिनिटं थांबले. पण पंचवटीतून येऊन रामाला न भेटता जायचं? आतल्या वाट फ्रा केव देवळाभोवतीच्या ओवरीत रामायण रंगवलंय, त्यांचं रामाकिएन, १७८ चित्रांत. लक्ष्मण म्हणजे लाक, सीता म्हणजे सीदा, रावण हिरवा आणि त्याचं नाव थोत्सकान. हनुमान पांढराशुभ्र आणि, कसं सांगू, ब्रह्मचारी नाही. समुद्रातल्या मासोळी राजकन्येशी त्याचं जमतं. पुतणीनं फोनमधून हे वाचून दाखवलं तेव्हा मी आधी दुतोंड्याची क्षमा मागितली. शूर्पणखेला ते सम्मनखा म्हणतात. संध्याकाळी ब्राझीलच्या मुलीला सांगितलं, की जिचं नाक कापलं त्यावरून आमच्या गावाचं नाव पडलं असं म्हणतात, मी त्या गावची. ती म्हणाली, "फोटो दाखव." नाकाचा कुठून दाखवू? रामकुंडाचा दाखवला. खांदे आणि गुडघे झाकलेले असले तरच आत सोडतात, हे राहिलंच सांगायचं.

जेवणाचं मला सगळ्यात भय होतं, कारण मी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. कांदेनवमीला भज्यांची परात रिकामी करून निघाले होते आणि बॅगेत चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. पींच्या नकाशात जेवणाच्या खुणेला पिवळा झेंडा काढलेला. पिवळ्या कापडावर लाल अक्षर, आपल्याला ते इंग्रजी सतरासारखं दिसतं. वाचायचं "जे". जिथे ते लावलंय तिथे मांस, मासे, अंडं नाही आणि कांदा-लसूणही नाही! थाई लोकांचं हे व्रताचं जेवण, चिनी वळणाचं. गल्लीच्या टोकाला एक आजी भात आणि दोन भाज्या ५० बाटांत द्यायच्या. टोफू, मशरूम, एक कडसर पालेभाजी. तिखट वेगळं ठेवलेलं. मी पाच दिवस तिथेच जेवले. बाकी कुठे खाल तर "माई साय नाम प्ला" पाठ करा, माशाचं पाणी घालू नका. नाहीतर ते सगळ्यात पडतं, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. पुतणी सगळं खात होती, तिच्या जिभेचा हिशोब तिच्याकडे.

आम्ही असतानाच आषाढी पौर्णिमा आली. आपली गुरुपौर्णिमा, त्यांची आसान्हा बुचा, बुद्धाच्या पहिल्या उपदेशाचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास. आमच्या आजींनी त्या दिवशी भाताचे पैसे घेतले नाहीत. का ते मला विचारता आलं नाही.

आता तक्रार. आल्यावर किल्लीच्या कार्डाचं २०० बाट डिपॉझिट घेतात. निघताना पोरानं शंभरच परत दिले आणि माझी चादर पसरून दाखवली. उशाकडे तेलाचा रुपयाएवढा लालसर डाग. चटणी. रात्री भूक लागली म्हणून पडद्याआड दशमी खाल्ली होती, कबूल. तरी मी भांडले. डाग धुवून निघतो, साबण लावून देते म्हटलं. पी आल्या, त्यांनी डाग नखानं खरवडून बघितला आणि मान हलवली. मला आमच्या भिंतीवरची पाटी आठवली: चादरीवर डाग पडल्यास शंभर रुपये आकारले जातील. तरीही माझं म्हणणं एवढंच, की आमची पाटी पलंगाच्या डोक्याशी आहे. यांची कुठेच नाही. नियम असेल तर तो आल्या आल्या सांगा, निघताना चादर फडकवून नव्हे. हे मी त्यांना फोनमधून बोलून दाखवलं. त्यांनी ऐकलं. शंभर बाट दिले नाहीत. मीही दिले नसते.

पैशांचं एक: तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर खेपेला दोनशेच्या वर बाट जास्तीचे कापतात. आम्ही एकदा फसलो. काढायचेच तर एकदम काढा.

पाचपैकी चार. एक त्या न लावलेल्या पाटीचा आणि उलट्या नळाचा मिळून. परत गेले तर तिथेच उतरेन, खालचाच पलंग घेईन. आल्यावर मी आमच्या चादरींना टाके घालायला बसले. सिंगलला हिरवे, डबलला लाल, हॉलला पिवळे. धोबी पहिल्या दिवशी म्हणाला, हे काय, भरतकाम? या महिन्यात एकही चादर कमी भरली नाही.

बारीक कुलूप पुतणी पुण्याला घेऊन गेली. पितळी परत कोठीला लागलंय.